इशारा यंत्र देईल. पण ऐकणार कोण?

संधिवाताच्या वेदनाशामकांचे दुष्परिणाम संगणकाने आधीच ओळखावेत, यासाठी जगभर संशोधन सुरू आहे. त्याकडून अपेक्षा ठेवताना 'व्हायॉक्स' या गोळीचा इतिहास विसरून चालणार नाही.

'मर्क' या अमेरिकी कंपनीची ही गोळी १९९९ मध्ये बाजारात आली. पोटाला त्रास कमी, ही तिची ख्याती. मात्र २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संधिवाताच्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत वेगळेच दिसले. नेप्रॉक्सेन हे जुने औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत व्हायॉक्स घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे चौपट होते. नेप्रॉक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे, असा अर्थ कंपनीने लावला आणि विक्री सुरूच राहिली. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने गोळी मागे घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतानेही तिच्यावर बंदी घातली. तोवर अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ४० हजार जणांना तिच्यामुळे गंभीर हृदयविकार जडला असावा, असा अंदाज २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला गेला.

यंत्र येथे काय करू शकते? लाखो रुग्णांचे वय, जुने आजार, रक्ततपासण्या, घेतलेली औषधे आणि नंतर उद्भवलेला त्रास यांतील संगती ते शोधते व नव्या रुग्णाचा धोका वर्तवते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी डॉक्टरांची टिपणे संगणकाकडून तपासून घेतली, तेव्हा व्हायॉक्स व हृदयविकाराचा झटका यांतील संबंध त्यांतूनही दिसून आला. त्याच विद्यापीठात २०१८ मध्ये दोन औषधे एकत्र घेतल्यास काय होईल, हे वर्तवणारी पद्धत विकसित झाली. संधिवाताचे रुग्ण बहुधा वयस्क. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर वेदनाशामक घेतल्यास त्यांच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून या प्रयत्नाचे मोल मोठे आहे.

तथापि, यंत्र नोंदींइतकेच शहाणे असते. आपल्याकडे वेदनाशामके चिठ्ठीविनाही मिळतात आणि बहुतेक दवाखान्यांतील नोंदी कागदावरच राहतात. दुष्परिणामांच्या नोंदीसाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्याच आधारे नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक अॅसिडमुळे उद्भवू शकणाऱ्या गंभीर अॅलर्जीचा इशारा दिला गेला. पण दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळीची आणि घरीच सोसलेल्या त्रासाची नोंद कोण करणार? परदेशी रुग्णांच्या माहितीवर शिकलेले यंत्र भारतीय रुग्णाबाबत चुकण्याची शक्यता राहतेच.

व्हायॉक्सच्या बाबतीत आकडे मौन नव्हते. त्यांचा सोयीस्कर अर्थ लावला गेला. उद्या यंत्राने धोक्याची घंटा वाजवली, तरी विक्री थांबवण्याचा वा चाचणी सक्तीची करण्याचा अधिकार औषध नियंत्रकांचाच राहील. तो त्यांनी वेळेवर वापरला नाही, तर यंत्र कितीही हुशार असले तरी किंमत रुग्णालाच मोजावी लागेल.