थंडीच्या लाटेत द्राक्षबागांना पहाटेची वीज मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : थंडीच्या लाटेच्या दिवसांत निफाड-दिंडोरी परिसरातील कृषी वाहिन्यांवर पहाटे ४ ते ७ या वेळेत थ्री फेज वीजपुरवठा मिळण्याबाबत.

महोदय,

डिसेंबर लागला की राज्यभरच्या वर्तमानपत्रांत निफाडचे नाव हमखास झळकते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला आकडा छापून येतो, सोबत गोदाकाठच्या धुक्याचे छायाचित्र असते. वाचणाऱ्याला तेवढीच हुडहुडी भरते. निफाड, दिंडोरी आणि चांदवडच्या द्राक्ष बागायतदारांची मात्र तो आकडा झोप उडवतो. पारा १० अंशांखाली गेला की वेलीच्या मुळांचे काम मंदावते आणि मण्यांची फुगवण थांबते. तो आणखी घसरून ४-५ अंशांवर आला की पाणी उतरत असलेल्या मण्यांना तडे जाऊ लागतात. रात्रीचा गारठा आणि दुपारचे ऊन यांतली तफावत वाढली, तर हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. बागायतदार तिला ‘पिंक बेरी’ म्हणतात. खायला ते द्राक्ष तितकेच गोड असते, पण निर्यातीचा व्यापारी घड हातात घेतो, उजेडाकडे धरतो आणि खाली ठेवून देतो.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता आणि पानांवरचे दव गोठले होते. त्या दिवसांत ज्यांच्या विहिरीवरची मोटार पहाटे चालू होऊ शकली आणि ज्यांची होऊ शकली नाही, त्यांच्या बागांतला फरक बांधावरून दिसत होता. हे निवेदन त्या फरकासंबंधी आहे.

थंडीपासून बाग वाचवण्याचा सर्वांत साधा उपाय विहिरीच्या पाण्याचा आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते आणि तापमान सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्या वेळी विहिरीतले पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार असते; हात घातला तर कोमट लागते, वर वाफ दिसते. हे पाणी ठिबकमधून वेलीच्या बुंध्याशी सोडले की जमीन निवत नाही. यामागचा हिशेब शालेय भौतिकशास्त्राचा आहे. एक हजार लिटर पाणी १० अंशांनी निवले की सुमारे साडेअकरा युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीने तासाभरात दहा हजार लिटर पाणी बागेत सोडले, तर वीज जळते चार-पाच युनिट, आणि बागेला मिळणारी उष्णता असते शंभराहून अधिक युनिटांच्या तोडीची. त्यातली बरीच हवेत विरून जाते, हे खरे. पण वेलीला तरी कुठे फार हवे असते? एक-दोन अंशांवर घड तरतो. इतक्या कमी विजेत इतके मोठे नुकसान टाळणारा दुसरा उपाय शेतीत शोधून सापडणार नाही. कृषी विद्यापीठाचे आणि कृषी विभागाचे थंडीतले सल्लेही ‘पहाटे विहिरीचे पाणी द्यावे’ असेच सांगतात.

सल्ला पाळायचा, तर पहाटे वीज हवी. अडचण इथे सुरू होते.

कृषी वाहिन्यांवर थ्री फेज पुरवठा आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, साधारण आठ तास मिळत आला आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात थंडीची लाट आली, तर पहाटे मोटारीच्या पेटीवरच्या तीनपैकी एखादाच दिवा मिणमिणत असतो. शेतकरी कानटोपी आणि घोंगडी पांघरून चार वाजता विहिरीवर येतो, स्टार्टरचे हिरवे बटण दाबतो, मोटार नुसती घुमते, आणि ती जळू नये म्हणून लाल बटण दाबून तो परत फिरतो. कोणी कपॅसिटर जोडून सिंगल फेजवर मोटार ओढण्याचा प्रयत्न करतो. त्यात मोटार जळते, शेजारच्या मळ्यातला दाब पडतो, आणि कधीकधी जिवावर बेतते. रात्रपाळीच्या आठवड्यात वीज असते, पण सगळ्या मोटारी एकाच वेळी ओढू लागल्याने डीपीवरचा फ्यूज जातो. तो सकाळी वायरमन आल्यावर बसतो. तोवर ऊन वर आलेले असते आणि व्हायचे ते होऊन गेलेले असते.

दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि निवेदनकर्ते तिच्या बाजूने ठाम उभे आहेत. उसाच्या फडांत बिबट्याचा वावर असताना कांद्याला आणि गव्हाला मध्यरात्री पाणी भरायला जाणे म्हणजे काय, हे गोदाकाठच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ पासूनचा तिचा दुसरा टप्पा यांमुळे वाहिन्या एकामागून एक दिवसाच्या सौर विजेवर येत आहेत. या बदलाचे बागायतदारांनी स्वागत केले आहे. परंतु या स्वागतार्ह बदलात एक फट राहून गेली आहे. सौर वाहिनीवर वीज सूर्याबरोबर येते, आणि द्राक्षाला धोका असतो तो सूर्याच्या आधीच्या तीन तासांत. पूर्वी निदान पाळीच्या आठवड्यात पहाट सापडत असे. वाहिनी पूर्णपणे दिवसाची झाली की ती पहाट कायमची बंद होईल. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतील शेतकऱ्याची स्थिती याहून अवघड आहे. १० टक्के हिस्सा भरून (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के) त्याला पंप मिळतो, पण ती योजनाच पारंपरिक जोडणी नसलेल्यांसाठी असल्याने पहाटे त्याच्याकडे पर्यायच उरत नाही.

मग बागायतदार काय करतात? शेकोट्या पेटवतात. छाटणीच्या काड्या, उसाचे पाचट, लाकूडफाटा यांचे ढीग बांधावर आणि दोन ओळींमध्ये लावून पहाटे धूर केला जातो. वारा पडलेला असला तर धुराचा थर बागेवर टिकतो आणि थोडा आधार मिळतो. वाऱ्याची झुळूक आली की तो शेजारच्या शेतात जातो. सरपण विकत घ्यावे लागते. काही ठिकाणी जुने टायर जाळले जातात, आणि तो काळा धूर वेलीला, माणसाला आणि शेजारच्या वस्तीतल्या लेकरांना सारखाच घातक आहे. बागायतदारांना टायर जाळायचे नाहीत. डिझेल पंप आणि भाड्याचा जनरेटर हे पर्याय मोठ्या बागांना कसेबसे परवडतात. एक-दोन एकरवाल्याला नाहीत.

थंडीच्या काळात कोणाची वीज तोडायची आणि कोणाची नाही, हा प्रश्न किती गंभीर वळण घेऊ शकतो, हे अमेरिकेतील टेक्सस राज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये अनुभवले. हिमवादळात वीजनिर्मिती कोलमडली, तेव्हा भारनियमन सुरू झाले आणि त्यात नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वायू पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर यांचीही वीज गेली. त्यातल्या बहुतेकांची नोंद ‘तोडू नये’ अशा ग्राहकांत कोणी केलेलीच नव्हती. वायू थांबला, म्हणून त्यावर चालणारी वीज केंद्रे आणखी थांबली. ४५ लाखांहून अधिक घरे आणि आस्थापना काळोखात गेल्या. राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यू नोंदवले. त्यानंतर त्याच वर्षी तिथे कायदा करून अशा ग्राहकांची यादी बनवणे बंधनकारक झाले. निफाडच्या बागांचे नुकसान त्या मनुष्यहानीच्या शेजारी ठेवण्याचा निवेदनकर्त्यांचा हेतू नाही. मात्र वेळापत्रक आखताना कोणत्या तासाला कोणाचे काय पणाला लागते हे आधी विचारले गेले पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

मागणी मोठी नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास राज्याची विजेची मागणी दिवसातल्या खालच्या पातळीवर असते आणि सकाळी गीझर, गिरण्या, कारखाने सुरू झाले की ती चढते. द्राक्षपट्ट्याच्या उशाशी एकलहऱ्याचे ६३० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प गरजेच्या वेळी काही मिनिटांत भार उचलू शकतो. आणि हे रोजचे नाही; हिवाळ्यातल्या मोजक्या रात्रींचा हा विषय आहे.

म्हणून निवेदनकर्त्यांची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात हवामान विभागाच्या अंदाजानुसार निफाड परिसरातील किमान तापमान ७ अंश किंवा त्याखाली जाणार असेल, त्या पहाटे ४ ते ७ या वेळेत द्राक्षबागा असलेल्या वाहिन्यांवर थ्री फेज पुरवठा आपोआप सुरू व्हावा. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे पत्र, लोकप्रतिनिधीचा फोन लागू नये. हवामान विभागाने अधिकृत ‘थंडीची लाट’ जाहीर करण्याची अट यात घालू नये, कारण मैदानी भागात त्यासाठी पारा १० अंशांखाली असण्याबरोबर सरासरीहून साडेचार अंशांनी खाली असावा लागतो, किंवा मग तो थेट ४ अंशांवर यावा लागतो. तोवर मणी तडकलेला असतो.

कोणत्या वाहिन्या, हा प्रश्न अधिकाऱ्यांकडून येईल. त्याचे उत्तर शासनाच्या दप्तरात आहे. ई-पीक पाहणीत द्राक्षाची नोंद गटवार होते आणि निर्यातीच्या बागा अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेल्या असतात. या दोन्ही नोंदी वाहिन्यांच्या नकाशावर ठेवल्या की यादी तयार होते.

सौर वाहिन्यांबाबत वेगळा निर्णय आवश्यक आहे. अशी वाहिनी पहाटेच्या तीन तासांपुरती उपकेंद्रातून पारंपरिक विजेवर घेण्याची लेखी तरतूद असावी, आणि पुढील निविदांत द्राक्षपट्ट्यातील काही प्रकल्पांना बॅटरी साठवणुकीची अट घालावी. वैयक्तिक सौरपंपधारकांना लहान बॅटरी संचासाठी अनुदान मिळावे किंवा हंगामापुरती तात्पुरती जोडणी द्यावी. यांपैकी काय सोपे पडेल ते विभागाने ठरवावे. जळालेले रोहित्र बदलण्याची मुदत विद्युत नियामक आयोगाने ठरवून दिलेली आहे. थंडीच्या काळात ती पाळली जावी यासाठी पिंपळगाव बसवंत, निफाड आणि दिंडोरी येथे राखीव रोहित्रे, ऑईल आणि रात्रपाळीचा वायरमन असावा. टायर जाळणे थांबवण्यासाठी कृषी विभागाशी बोलून काड्यांच्या शेकोटीची सुरक्षित पद्धत गावोगाव दाखवली जावी.

बागायतदारही आपल्या बाजूने काही गोष्टी लेखी द्यायला तयार आहेत. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू करणारे ऑटोस्विच ते या काळात काढून ठेवतील. प्रत्येक पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवतील. एका डीपीवरचे शेतकरी आपसात पाळी ठरवून पहिल्या तासात निम्म्या, मग उरलेल्या मोटारी चालवतील, आणि ही पाळी डीपीनिहाय कागदावर लिहून शाखा कार्यालयात देतील. पहाटेचे पाणी ठिबकनेच दिले जाईल. पाट भरून घेण्यासाठी ही वीज वापरली जाणार नाही, आणि कोणी वापरली तर त्या डीपीची सवलत त्या हंगामापुरती काढून घेण्यास त्यांची हरकत राहणार नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झालेल्या बागांत डिसेंबर-जानेवारीत मणी फुगत असतात. लाट आल्यावर बैठक बोलावून निर्णय घ्यायचा म्हटले, तर तो आदेश शाखा कार्यालयात पोचेपर्यंत हंगाम निघून जातो. यासाठी हा आदेश ३१ ऑक्टोबरपूर्वी काढावा, वाहिन्यांची यादी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावी, आणि नोव्हेंबर संपण्याआधी एका पहाटे प्रत्येक वाहिनीवर तीन तासांची चाचणी घेऊन कुठला डीपी भार सोसत नाही हे तपासावे, अशी विनंती आहे. चाचणीच्या पहाटे बागायतदार आपापल्या विहिरीवर हजर राहतील.

आपले विश्वासू,
निफाड-दिंडोरी परिसरातील द्राक्ष बागायतदार

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : जिल्हाधिकारी, नाशिक, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, नाशिक.