आधी मागमूस, मग बंदोबस्त
सकाळी खुराड्यात कोंबडी मेलेली दिसली की अमरावती जिल्ह्यातलं दर्यापूर असो वा धारणी, पहिला संशय मुंगसावर जातो. तो बहुधा घाईचा असतो. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्रीत कोंबडी अख्खी गायब झाली आणि वाटेवर पिसं सांडली, तर रानमांजराचा किंवा कोल्ह्याचा विचार आधी करावा. चार-पाच कोंबड्या फाडून न खाता टाकल्या असतील, तर बहुतेक गावातलीच मोकाट कुत्री. भरदिवसा अंगणातून पिल्लू गेलं तर शिक्राही असू शकतो, आणि टरफलाचा तुकडाही न ठेवता अंडी नाहीशी झाली तर साप. ही ओळख पटवायलाच हवी, कारण उपाय प्रत्येकासाठी वेगळा आहे. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि साप भोकातून शिरतो. तिथे अर्ध्या इंची वेल्डमेश हवी, तीही फूटभर जमिनीत गाडलेली. ती महाग पडते हे खरंच. पण जाळी अख्ख्या अंगणाला नको, रात्रीच्या खुराड्यापुरती पुरते. पिल्लं दिवसा डालग्याखाली राहू शकतात. मांसाला थिमेटसारखं विषारी कीटकनाशक लावून ठेवणं स्वस्त वाटतं, पण ते शेजारच्या कुत्र्यालाही मारतं. शिवाय मुंगूस, रानमांजर आणि कोल्हा या तिघांनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि तूर-सोयाबीनच्या शेतातले उंदीर हेच तिघे खातात.