‘विकलनीय असतील तर’

अकरावी-बारावीच्या गणितात विकलनाचे नियम सुरू झाले की प्रत्येक प्रमेयाची सुरुवात जवळजवळ एकाच वाक्याने होते: यू आणि व्ही ही क्षची विकलनीय फले असतील तर. त्यानंतर खरा नियम येतो, बेरजेचा, गुणाकाराचा, भागाकाराचा. मुले नियम पाठ करतात, फळ्यावर नियम लिहिला जातो, परीक्षेत गुणही नियमालाच मिळतात. ‘विकलनीय असतील तर’ हे शब्द मात्र प्रमेयाच्या उंबऱ्याबाहेरच राहतात. पुढे एका चलाच्या जागी शंभर चल आले, विकलजाच्या जागी ग्रेडियंट आला, तरी ही सवय सुटत नाही. संशोधकांचीही ती सुटलेली नाही. सिद्धता कम्प्युटरकडून तपासून घेण्याची जी चळवळ गेल्या काही दशकांत उभी राहिली, तिचे सगळ्यात मोलाचे काम या उंबऱ्याबाहेरच्या शब्दांना घरात घेण्याचे आहे, असे मला वाटते. बातम्या मोठ्या प्रमेयांच्या होतात: २००५ मध्ये चार रंगांचे प्रमेय, २०१४ मध्ये केप्लरचे अनुमान, २०२२ मध्ये गणितज्ञ पीटर शोल्झे यांचे प्रमेय. पण हे काम नेमके कसे होते ते पाहायचे तर ग्रेडियंटच्या साध्या, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या लेमांकडे, म्हणजे मोठ्या प्रमेयांना आधार देणाऱ्या छोट्या विधानांकडे जावे.

लीन ही अशी एक सिद्धता तपासणारी प्रणाली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लिओनार्दो द मौरा यांनी तिची सुरुवात केली. २०१७ पासून तिच्याभोवती मॅथलिब नावाचे गणिताचे सामायिक भांडार जमत गेले. शेकडो लोकांच्या हातून आज त्यात दहा लाखांहून जास्त ओळी झाल्या आहेत. काम करणाऱ्याच्या पडद्यावर एका बाजूला त्याने लिहिलेली सिद्धता असते आणि दुसऱ्या बाजूला अजून काय सिद्ध करायचे उरले आहे ते. एक पायरी लिहिली की दुसरी बाजू बदलते. एखादी अट लागते पण विधानात दिलेली नाही, असे असेल तर ती अट तिथे उरलेले काम म्हणून उभी राहते आणि कितीही वेळा वळसा घातला तरी हलत नाही. जागा तात्पुरती मोकळी सोडायची झाल्यास ‘सॉरी’ असा शब्द लिहावा लागतो, आणि तो असेपर्यंत त्या लेमावर अपुरेपणाची खूण राहते. ‘हे उघड आहे’ म्हणून पुढे जाण्याची सोय इथे नाही.

बेरजेचाच लेमा घेऊ. फ आणि ग या दोन फलांच्या बेरजेचा ग्रेडियंट म्हणजे त्यांच्या ग्रेडियंटांची बेरीज. मॅथलिबमध्ये प्रत्येक फलाला प्रत्येक बिंदूपाशी विकलज असतोच. फल तिथे विकलनीय नसेल तर त्याची किंमत शून्य धरायची, असा संकेत आहे. ही निव्वळ भरतीची किंमत. ती नसती तर विकलजाचे चिन्ह नुसते लिहायलाही दर वेळी विकलनीयतेची सिद्धता सोबत जोडावी लागली असती. आता फ म्हणजे क्षचे केवल मूल्य, |क्ष|, आणि ग म्हणजे क्ष − |क्ष| असे घ्या. शून्यापाशी दोघांनाही टोक आहे, दोन्ही विकलनीय नाहीत, म्हणून दोघांचाही विकलज संकेताप्रमाणे शून्य. दोघांची बेरीज मात्र नुसता क्ष, आणि त्याचा विकलज एक. विकलनीयतेची अट न घालता बेरजेचा नियम मान्य केला तर एक बरोबर शून्य अधिक शून्य होते. वर्गात पाच सेकंदांत ओलांडलेले तीन शब्द गाळले की काय कोसळते, ते इतके जवळून दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

उलट, फलाला एका स्थिर संख्येने गुणण्याचा नियम पाहा. पुस्तकात तिथेही ‘विकलनीय असेल तर’ असतेच. पण वरचा संकेत धरला तर या नियमाला त्या अटीची गरजच नाही: फल विकलनीय नसेल आणि संख्या शून्य नसेल, तर गुणाकारही विकलनीय नसतो आणि दोन्ही बाजूंना शून्यच येते, संख्या शून्य असेल तर प्रश्नच मिटला. तेव्हा हे काम म्हणजे अटी वाढवत जाणे नव्हे. कुठली अट भार वाहते आणि कुठली नुसती रिवाज म्हणून उभी आहे, याचा हिशेब प्रत्येक लेमापाशी वेगळा होतो. शंभर पाठ्यपुस्तकांत एकाच ठशाने छापलेले वाक्य इथे पहिल्यांदा तपासले जाते.

ग्रेडियंटची व्याख्याच बघितली तर आणखी बरेच काही हाती लागते. विकलज हा मुळात एक रेषीय नियम आहे: कुठल्याही दिशेने किंचित सरकलो तर फल किती बदलते, ते तो सांगतो. ग्रेडियंट म्हणजे असा सदिश की त्याचा त्या दिशेशी आंतरगुणाकार केला की तेच उत्तर यावे. असा सदिश असतो याची हमी रीस आणि फ्रेशे यांचे प्रमेय देते, पण अवकाश पूर्ण असेल तरच. म्हणून मॅथलिबच्या व्याख्येत पूर्णतेची अट लिहिलेली आहे. मर्यादित मितींत ती आपोआप पुरी होते, त्यामुळे अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तिचे नावही नसते. संमिश्र संख्यांकडे गेलो की अजून एक गोष्ट उघड होते. तिथे आंतरगुणाकाराच्या एका जागेतून संख्या बाहेर काढली की ती संयुग्मी होऊन येते. म्हणून फलाला संमिश्र संख्येने गुणले तर त्याचा ग्रेडियंट त्या संख्येच्या पटीत नव्हे, तिच्या संयुग्मीच्या पटीत वाढतो. गुणाकाराच्या नियमातही दोन्ही सहगुणक संयुग्मी होतात. कागदावर लिहिताना हे चिन्ह गाळले जाणे अगदी सहज शक्य आहे. लीनमध्ये ते गाळले तर समीकरणाच्या दोन बाजू जुळत नाहीत.

एवढ्या बारकाव्यांची गरज कुणाला आहे? आजच्या घडीला, ग्रेडियंटच्या जोरावर चालणाऱ्या प्रत्येकाला. ग्रेडियंटच्या उलट दिशेने पावले टाकत किमान किंमत शोधायची ही युक्ती गणितज्ञ कोशीने १८४७ मध्ये मांडली. आजची न्यूरल नेटवर्क तिच्याच वंशातल्या पद्धतींनी शिकतात. त्यांतली सर्वात जास्त वापरली गेलेली एक म्हणजे ॲडम, किंग्मा आणि बा यांनी २०१४ मध्ये मांडलेली. ॲडम प्रत्येक पावलाला अलीकडच्या ग्रेडियंटांच्या वर्गांच्या सरासरीच्या मुळाने भागते. मूळ निबंधात ही पद्धत योग्य उत्तराकडे जाते याची सिद्धता होती. निबंध जगभर वाचला गेला, हजारो निबंधांनी त्याचा आधार घेतला. २०१८ मध्ये रेड्डी, काळे आणि कुमार या गूगलमधल्या तीन संशोधकांनी दाखवले की ती सिद्धता चुकलेली आहे. तिच्यात एक राशी कधीच ऋण होत नाही असे धरून चालले होते. आधीच्या पद्धतींत ते खरे होते, ॲडममध्ये नाही, कारण ॲडमची सरासरी जुने मोठे ग्रेडियंट विसरत जाते.

त्यांचे प्रतिउदाहरण इतके छोटे आहे की ते इथेच सांगता येते. क्ष उणे एक आणि अधिक एक यांच्या दरम्यान फिरतो. दर तीन पावलांत एकदा उतार तीन मिळतो आणि दोनदा उणे एक. तिन्हींची बेरीज अधिक एक, म्हणजे किमान किंमत डाव्या टोकाला, उणे एकपाशी. पण तीनचा मोठा उतार येतो त्याच क्षणी भाजकही मोठा होतो आणि त्या उताराचे वजन जवळजवळ एकावर येते; मग उणे एकची दोन पावले त्याला मागे रेटतात. जुन्या सरासरीचा गुणक एक दशांश ठेवला तर ॲडम उजव्या टोकाला, सर्वात वाईट उत्तरापाशी जाऊन बसते. ॲडमची मूळ सिद्धता लीनमध्ये लिहायला घेतली असती, तर ‘ही राशी ऋण नाही’ हे वाक्य पडद्याच्या दुसऱ्या बाजूला उरलेले काम म्हणून थांबून राहिले असते. ते पुरे करायला बसलेल्या माणसाला हे तिघे जिथे पोचले तिथेच पोचावे लागले असते.

पहिला आक्षेप असा की लिहायला घेतली असती, पण घेणार कोण? आक्षेप रास्त आहे, आणि माझे उत्तर त्यातच आहे. ॲडमची सिद्धता तपासायची तर बेरजेचा, गुणाकाराचा, साखळीचा नियम, आंतरगुणाकाराच्या असमानता, हे सगळे आधी भांडारात तयार हवे. साखळीच्या नियमाचे ग्रेडियंटच्या भाषेतले रूप पाहा: आतल्या फलाचा विकलज उलटा फिरवून, म्हणजे त्याचा मॅट्रिक्स आडवा-उभा पालटून, बाहेरच्या फलाच्या ग्रेडियंटवर लावायचा. न्यूरल नेटवर्कमध्ये त्रुटीचा हिशेब शेवटच्या थरापासून मागे मागे नेतात, तो या एका लेमाचा पुनःपुन्हा केलेला वापर आहे. तो एकदा नीट सिद्ध करून ठेवला की नंतरच्या प्रत्येकाचे तेवढे श्रम वाचतात. पाया नसताना इमल्याचा खर्च मोजला तर तो अवाढव्यच दिसणार.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मशीन सिद्धता तपासते, विधान तपासत नाही. व्याख्याच चुकली असेल तर काळजीपूर्वक सिद्ध केलेले असत्य हाती येईल. वरचा शून्याचा संकेतच बघा: ‘ग्रेडियंट शून्य आहे’ एवढ्यावरून बिंदू स्थिर आहे असे कुणी मानले तर |क्ष|−क्ष या फलाचे शून्यापाशी काय होईल? मला हा धोका खरा वाटतो. म्हणूनच मॅथलिबमध्ये ‘या बिंदूपाशी फलाला हा ग्रेडियंट आहे’ हे विधान वेगळे ठेवले आहे, आणि त्यात विकलनीयता अंगभूत आहे. महत्त्वाचे निष्कर्ष त्या रूपात मांडावेत. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. हजार ओळींच्या सिद्धतेत कुठेही लपू शकणारी चूक इथे चार ओळींच्या व्याख्येत आणि विधानात लपू शकते, आणि चार ओळी माणूस डोळ्यांत तेल घालून वाचू शकतो. केप्लरच्या अनुमानाच्या परीक्षकांनी कित्येक वर्षांनी नव्व्याण्णव टक्के खात्री असल्याचे कळवले होते. उरलेला एक टक्का नेमका कुठे आहे, ते त्यांनाही सांगता येत नव्हते.

तिसरा आक्षेप प्रत्यक्ष यंत्राचा. गणितातल्या वास्तव संख्या आणि चिपमधले ठराविक अंकांचे दशांश एक नव्हेत. सेल्सम, लिआंग आणि डिल यांनी २०१७ मध्ये लीन वापरून सर्टिग्रॅड ही प्रणाली बांधली आणि ती जे ग्रेडियंट काढते ते सरासरीने खऱ्या ग्रेडियंटाएवढेच असतात हे सिद्ध केले. तिचा वेग न्यूरल नेटवर्क शिकवण्याच्या टेन्सरफ्लो या प्रणालीच्या तोडीचा होता. पण त्या सिद्धतेतही चिपमधले दशांश म्हणजे वास्तव संख्याच, असे धरले होते. ही मर्यादा मान्यच आहे. फक्त ती उघडपणे, गृहीत म्हणून लिहिलेली आहे. पुढे ज्याला ती दूर करायची असेल त्याला कुठे हात घालायचा ते ठाऊक असते.

आणि हल्ली सर्वात जास्त ऐकू येणारा चौथा: आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे करील, माणसांनी कशाला राबायचे? जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री २ या प्रणालींनी मिळून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या सहापैकी चार प्रश्न सोडवले, रौप्यपदकाच्या दर्जाचे. अल्फाप्रूफ लीनमध्येच सिद्धता लिहिते. पण त्या वेळी प्रश्न लीनच्या भाषेत माणसांनी मांडून दिले होते. सिद्धता शोधण्याचे काम यंत्राकडे जितके जाईल, तितके विधान नीट मांडण्याचे काम माणसाच्या वाट्याला जास्त येईल. शोल्झे यांनीही आपल्या प्रमेयाची तपासणी होत असताना, ही सिद्धता नेमकी कशामुळे चालते ते आपल्याला नव्याने उमगले, अशा अर्थाचे लिहिले. काम यंत्राने तपासले म्हणून माणसाची समज घटली, असे त्यांच्याबाबत तरी झाले नाही.

मग विद्यापीठांत या कामाला गणित म्हणून मोजायला हरकत काय आहे? एम.एस्सी.च्या प्रबंधात आजही एखाद्या ग्रंथातले प्रकरण नीट मांडून दाखवणे चालते. त्याऐवजी मॅथलिबमध्ये जाऊ शकेल असे दहा लेमे लिहिणे तितकेच कठीण आहे आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकाऊ. लीन फुकट मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते. पुण्यातल्या, नांदेडच्या, पणजीच्या विद्यार्थ्याला त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुरुवात करायला ग्रेडियंटचा सर्वात ओळखीचा लेमा घ्यावा: सदिश क्षच्या लांबीच्या वर्गाचा ग्रेडियंट दोन क्ष. विधान सर्वसाधारण ठेवले, संख्या वास्तव की संमिश्र ते सांगितले नाही, तर सिद्धता मध्येच अडते आणि कुठल्याच युक्तीने पुढे सरकत नाही. संमिश्र संख्यांवर लांबीचा वर्ग शून्य सदिशाखेरीज कुठेही विकलनीय नसतो. विद्यार्थ्याला परत वर जावे लागते, पहिल्या ओळीपाशी, आणि तिथे ‘वास्तव’ हा शब्द लिहावा लागतो.