खारीसाठी खारीचा वाटा

सेतुबंधनाच्या कथेतील खारीवरून अल्पशा मदतीला आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो. ब्रिटनमध्ये आज माणसेच खारीसाठी असा वाटा उचलीत आहेत. तेथील मूळच्या तांबड्या खारीवर, १८७६ पासून अमेरिकेहून आणून सोडलेल्या करड्या खारीने संक्रांत आणली. करडी अंगाने दांडगी. शिवाय तिच्याबरोबर आलेला देवीसारखा रोग तिला फारसा बाधत नाही, तांबडीचा मात्र जीव घेतो. वेल्समधील अँगलसी बेटावर १९९८ च्या सुमारास तांबड्या खारी जेमतेम ४० उरल्या होत्या. स्थानिक स्वयंसेवकांच्या साहाय्याने करड्या पकडून मारण्यात आल्या. आता तांबड्या शेकड्यांनी आहेत.

हे मारणे आपल्या भूतदयेला खटकते; मलाही खटकते. करडीचा अपराध काय? तिला आणले माणसाने. पण म्हणूनच ते निस्तरणेही माणसाकडेच येते. येथे स्वस्थ बसणे ही दया नव्हे. ती तांबडीच्या मरणाला दिलेली मूक संमती होय. खारीला दाणे टाकणे कोणालाही आवडते. परंतु रोग पसरू नये म्हणून दाण्यांची पेटी वरचेवर धुणे, सापळे रोज पाहणे, मेलेली खार आढळताच कळविणे, हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांचेच प्रेम मी खरे मानतो.