दोन वेढ्यांची काटछाट

माझ्या भाच्याला वडिलांची दहा वर्षे जुनी हॅचबॅक जमिनीलगत बसवायची आहे. कोचीतील गॅरेजवाल्याने सुचवलेला उपाय स्वस्त आहे: ग्राइंडरने स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकायचे. मी विरोध केला, तेव्हा त्याला वाटले, मामा कायद्याचा धाक दाखवतो आहे.

कायदा आहेच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने, केरळमधूनच आलेल्या प्रकरणात, जानेवारी 2019 मध्ये निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मज्जाव केला. परंतु माझा आक्षेप वेगळा आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठर होते आणि जुना शॉकअब्सॉर्बर तिला आवरू शकत नाही. चाक खड्ड्यात उतरले की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. शिवाय गाडी कुटुंबाची. मागे आजी-आजोबा बसले, डिकी भरली, की ती आणखी खचते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच व 3.7 मीटर रुंद असावा. आपल्या गल्ल्यांतील गतिरोधकांच्या ते कानी गेलेले दिसत नाही.

तरीही शासन केवळ दंडाची पावती फाडते, हे मला खटकते. बंदीमुळे हौस मरत नाही, ती ग्राइंडरकडे वळते. चाचणी झालेल्या स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरच्या जोडीला रीतसर मान्यता मिळवण्याची सोपी वाट असती, तर मीच त्याला पैसे साठवायला सांगितले असते. तूर्त त्याला झिजलेले रबरी बुश बदलून आणायला पाठवले आहे.