वॉटरप्रूफ म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या रविवारी पुण्यात दिवसभर पाऊस. दुपारी चारच्या सुमारास आमचे चिरंजीव (वय वर्षे १३) रिमोटची गाडी काखोटीला मारून दारात उभे. "बाबा, जाऊ?"

या प्रश्नावर आमच्या घरात एकमत कधीच होत नाही. आजी म्हणते, सर्दी होईल. बायको म्हणते, चिखलाचे बूट जिन्यातच काढ. आणि आजोबा, म्हणजे माझे वडील, पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "एवढ्या पैशांची वस्तू पाण्यात घालायची असते का?"

मी म्हणतो, "जा. पण सहाच्या आत वर ये. नंतरचा एक तास माझ्यासमोर बसायचं."

आजचं सगळं पुराण त्या एका तासाबद्दल आहे.

गाडी म्हणजे खेळण्यांच्या दुकानात मिळते तसली नव्हे बरं का. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, मोठ्या चाकांची, सगळे भाग सुटे करता येणारी. खोक्यावर ठळक अक्षरात 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही बापलेकांनी त्या शब्दावर भाबडेपणाने विश्वास टाकला. सोसायटीमागच्या मैदानातल्या डबक्यांतून तासभर गाडी पळवली आणि तशीच ओली चपलांच्या रॅकखाली सारून दिली. पुढच्या रविवारी काढली तर पुढचं एक चाक कुईकुई करतंय आणि दुसरं फिरतच नाही. बेअरिंग गंजून जाम! मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "खोक्यावर लिहिलंय ना, वॉटरप्रूफ?"

मुद्दा बिनतोड होता. माहितीपुस्तक त्याने वाचलं नव्हतं, पण मी तरी कुठे वाचलं होतं?

मग वाचलं. वॉटरप्रूफ असतात ती फक्त आतली इलेक्ट्रॉनिक्स. रिसीव्हर रबरी सील असलेल्या डबीत बसवलेला, स्पीड कंट्रोलर सीलबंद, चाकं वळवणाऱ्या सर्वो मोटरीच्या सांध्यांत रबरी कड्या. युक्ती जुनीच आहे. जपानच्या तामियाने १९७९ साली 'सँड स्कॉर्चर' नावाची गाडी काढली, तिच्यातही रेडिओची यंत्रणा बंद प्लॅस्टिकच्या डबीत होती. बाकी बेअरिंग, स्क्रू, चाकांना ताकद पोचवणारे दांडे हे सगळं पोलाद. पोलाद पाण्यात राहिलं की गंजणार. मोबाइलवर ते 'आयपी६७' लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ साध्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास ठेवून आत पाणी गेलं नाही, इतकाच. पुढच्या गुरुवारी काय होईल याचं वचन त्यात कोणी दिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे गाडी वॉटरप्रूफ असली तरी हातातला रिमोट नसतो! आम्ही तो पारदर्शक पिशवीत घालून वापरतो. गाडी पूर्ण पाण्याखाली गेली तर तसंही काही चालत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी पिऊन टाकतं.

आता बाबांच्या मुद्द्याकडे येतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आम्ही लहान असताना मामाने मस्कतहून रिमोटची एक लाल गाडी आणली होती. नातेवाइकांपैकी जे हे वाचतायत त्यांना ती आठवत असेल, कारण पाहिली सगळ्यांनी, खेळलं कोणीच नाही. ती शोकेसमध्ये असायची, वरच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. दिवाळीत आणि मे महिन्यात अर्धा अर्धा तास बाहेर यायची. एका मे महिन्यात बटण दाबलं तर ढिम्म. खालचं झाकण उघडलं तर सेल फुटून आत पांढरा-हिरवा थर, स्प्रिंगा खाऊन टाकलेल्या. जन्मात पाण्याचा थेंब न लागलेली गाडी सेलमधल्या द्रवाने मेली. (दादा, सेल मी काढले नव्हते की तू, यावर आपली चर्चा चाळीस वर्षं चालू आहे. इथे नको.)

तेव्हापासून माझं मत झालंय की जपून ठेवणं आणि निगा राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या घरांतून पहिलीलाच दुसरीचं नाव देतात. आजच्या गाड्यांनाही ते लागू आहे. लिपो बॅटरी पूर्ण चार्ज करून पावसाळाभर कपाटात ठेवली तर ती खराब होते, फुगूही शकते. ठेवायची तर प्रत्येक सेलला साधारण ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. म्हणजे चार महिने कुलपात ठेवूनही कटकट चुकत नाही, फक्त मजा चुकते.

पण मैदानात येणारी "वॉटरप्रूफ आहे काका, बिनधास्त!" म्हणणारी पोरं आहेत, त्यांच्याही बाजूने मी नाही. तो एक तास द्यायचा नसेल तर गाडी पावसात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तासाभरात काय काय होतं? सगळ्यात आधी बॅटरी बाहेर. बाकी सगळं नंतर. मग चाकं काढायची. टायरच्या आत स्पंज असतो आणि रिमच्या भोकांतून त्यात पाणी शिरतं. ते तसंच राहिलं तर चाक जड होतं आणि पुढच्या वेळी मोटर विनाकारण तापते. चिखल नळाखाली, हळू धारेने धुवायचा. गाड्या धुण्याच्या पंपाचा फवारा मारला की जे पाणी पावसाने आत गेलं नाही ते आपण घालतो. मग गाडी तिरकी उभी करून टेबल फॅनसमोर. इथे पहिल्या वर्षी आईने मदत म्हणून डबाभर इंद्रायणी तांदूळ आणून दिला होता, मोबाइल भिजल्यावर ठेवतात तसा. तांदळाचा काही उपयोग नसतो, उलट कण आत जातात. अॅपलनेही २०२४ मध्ये फोन तांदळात ठेवू नका म्हणून सांगितलं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यांना इंद्रायणी कुठे ठाऊक!" असो.

शेवटी बेअरिंगं. डब्ल्यूडी-४० मारलं की पाणी निघून जातं, पण वंगण म्हणून ते टिकत नाही. नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आहे, चाळीसाव्या प्रयत्नात जमलेलं. शिवाय त्याने बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीसही धुतलं जातं. म्हणून ते पुसून वर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आमची मोटर कार्बन ब्रशवाली आहे, ती भिजली तर चटकन झिजते. म्हणून खोल डबकी वर्ज्य, आणि परत येताना थोडा वेळ सावकाश चालवून पाणी झटकायचं. महिन्यातून एकदा डिफरन्शियल उघडून बघायचं. आतलं ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं म्हणून समजायचं.

सुरुवातीला हे सगळं मीच करायचो आणि चिरंजीव टीव्हीसमोर. म्हणजे मजा त्याची आणि निगा माझी! त्यात मी त्याचं वाईटच करत होतो हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. आता भिजवील तो सुकवील, हा नियम. मी फक्त समोर बसतो.

गेल्या वर्षी एकदा तो जाम बेअरिंगशी झटत होता तेव्हा बाबा पेपर ठेवून उठले. "असं नाही रे," म्हणत खाली मांडी घालून बसले. पावसाळा संपला की बाबा स्वतः सायकलचं ओव्हरऑइलिंग करायचे. हब उघडायचा, पत्र्याच्या झाकणात रॉकेल, त्यात छर्रे धुवायचे, मोजून परत बसवायचे. तीसेक पावसाळे ते त्या सायकलवरून कामावर गेले. मी म्हटलं, "मग बाबा, सायकल कशी पावसात नेत होतात?"

"ती कामाची वस्तू. हा खेळ."

यावर मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. आता सुचतं ते असं, की कामाची वस्तू भिजली, झिजली तर आपण दुरुस्त करतो आणि खेळाची मात्र शोकेसमध्ये ठेवतो, हा हिशेब माझ्या पिढीला महागात पडला. खेळ म्हणजे वर्षातून दोनदा काढायची गोष्ट, असं वाटतच आम्ही मोठे झालो. मी स्वतः पंचेचाळिशीत चिखलात पहिल्यांदा गाडी पळवली, तीही मुलाची. अर्थात बाबांच्या बाजूने एक आहे. दोन पावसाळ्यांत आमचे बेअरिंगचे दोन पूर्ण संच आणि एक सर्वो गेला आहे. खर्च होतो, आणि तो सोसायची तयारी नसलेल्या घरात बाबांचंच म्हणणं बरोबर ठरेल. त्यांचं मत बदललेलं नाही. रविवारी संध्याकाळी ते खाली येऊन बसतात, छोट्या बेअरिंगला तेल घालतात आणि घालता घालता "पाण्यात घालायची असते का" म्हणतात.

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे त्यांच्या पक्षात आहे. दिवाळीत आम्ही गुहागरला आत्याकडे जाणार आहोत आणि चिरंजीवांना गाडी समुद्राच्या लाटांतून न्यायची आहे. खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं, त्यामुळे कनेक्टर झपाट्याने खराब होतात. पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. त्याला एक तासच काय, एक रात्रही पुरणार नाही. आत्या, तू हे वाचतेसच. तो तुला आधी फोन करून लाडीगोडी लावेल. अंगणात, पाटाच्या पाण्यात, आगरात हवी तेवढी चालवू दे. पुळणीवर नको.