भार नेमका कुणाचा कमी झाला?

‘चला, पृथ्वीवरचा भार कमी झाला!’ पावसाळ्यात कुणी धबधब्यावरून कोसळल्याची बातमी आली की हा शेरा ठरलेला. सोबत डोळ्यांत पाणी येईतो हसणारे पिवळे चेहरे. जुलै 2024मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ करताना मुंबईची एक तरुणी सुमारे 300 फूट खोल दरीत पडली. बचाव पथकांनी सहा तास झटून तिला वर काढलं, पण ती वाचली नाही. ‘रील नडलं’ या दोन शब्दांत विषय मिटला.

ही हौस काही आपलीच नाही. निष्काळजीपणाने मेलेल्यांना ‘डार्विन पुरस्कार’ देण्याची थट्टा 1980च्या दशकात, इंटरनेट बाल्यावस्थेत असताना सुरू झाली. मूर्खांनी स्वतःला वजा करून मानववंश सुधारला, हा त्यातला विनोद. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2014च्या नाताळ अंकात 20 वर्षांतल्या 318 मानकऱ्यांची मिश्कील मोजदादही छापली. त्यात पुरुष 282.

विनोद झकास आहे. पण मानकरी ठरतो कशावरून?

कड्याच्या त्याच टोकावर सकाळपासून पन्नास जण उभे राहून फोटो काढून गेलेले असतात. त्यांना लाइक मिळतात. एक्कावन्नाव्याचा पाय घसरतो आणि मूर्ख तो एकटा ठरतो. हसणाऱ्यांपैकी कितीकांनी लोकलच्या दारात लोंबकळत प्रवास केलेला असतो, हेल्मेट घरी विसरलेलं असतं. थट्टा कृतीची होत नाही, फुटक्या नशिबाची होते.

थट्टेने इतरांना धाक बसतो, असं समर्थन केलं जातं. बेफिकिरीवर कडक बोललंच पाहिजे, पण मेलेल्याला हसून ते साधत नाही. ‘स्वतःच्या कर्माने मेला’ म्हटलं की कठडा का नव्हता, जीवरक्षक कुठे होता, हे विचारायची गरजच उरत नाही. सेल्फीमुळे झालेल्या मृत्यूंवर 2018मध्ये भारतीय संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळात जगभरात असे 259 मृत्यू त्यांना आढळले, सर्वाधिक भारतात. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: धोक्याच्या जागी सेल्फीला बंदी.

मुंबईने तो आधीच करून पाहिला होता. जानेवारी 2016मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी घेताना मुली समुद्रात पडल्या, त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या पंधराएक धोकादायक जागा हेरल्या. त्या दिवशी दोन जीव गेले. एक मुलीचा. दुसरा, तिला वाचवायला पाण्यात उडी घेणाऱ्या एका अनोळखी माणसाचा.